पायाला भिंगरी असलेल्या घरच्या माणसाची स्मरणिका कशी करावी

वर्षश्राद्धाला वाटण्यासाठी घरच्या माणसाची स्मरणिका करायला घेतली की बहुतेक घरांत एकच ठरलेला साचा पुढे येतो. हार घातलेला फोटो, जन्म-शिक्षण-नोकरी, नातेवाइकांच्या श्रद्धांजल्या आणि शेवटी वंशावळ. माणूस भटक्या असेल तर त्यात गडांच्या आणि बर्फाच्या फोटोंची रास पडते. वाचणाऱ्याला दोन वेगळी माणसं भेटतात, एक घरातला आणि एक डोंगरातला. खरा माणूस या दोघांच्या मधल्या जागेत असतो. निघायच्या आदल्या रात्री तो काय करायचा, घरात कुणाकडे पैसे ठेवून जायचा, मुक्कामावरून पत्रात काय लिहायचा, परतताना पिशवीत कुणासाठी काय असायचं, आणि तो नसताना घर कुणी ओढलं? स्मरणिका उभी राहते ती या तपशिलांवर, आणि सगळ्यांत आधी हरवतात तेही हेच.

सोयीसाठी पुढे सगळीकडे ‘बाबा’ म्हटलं आहे. तुमच्या घरी ते आजोबा, काका, मामा किंवा दादा असतील.

वेळेचा हिशेब आधी मांडा. वर्षश्राद्ध तिथीने करणार असाल तर ते तारखेच्या वर्षाच्या साधारण अकरा दिवस आधी येतं, आणि मध्ये अधिक महिना आला तर तारखेच्या पुढे जातं. पंचांग बघून दिवस पक्का करा आणि तिथून मागे मोजा. छपाईला एक महिना, मांडणी आणि प्रूफांना दीड महिना, लिहिण्याला दोन महिने. उरलेला सगळा काळ जमवाजमवीचा, आणि तो कधीच पुरत नाही.

पहिला महिना: आवराआवर थांबवा

दिवसकार्य आटोपलं की घरात आवराआवरीची लाट येते. कपडे वाटले जातात, कागद रद्दीत जातात, सॅक धुऊन माळ्यावर चढते. सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं. बाबांचं कपाट, टेबलाचा खण, ट्रंक आणि सॅक यांना महिनाभर कुणी हात लावायचा नाही, हे घरात स्पष्ट सांगून ठेवा. अपवाद दोनच. टॉर्च, कॅमेरा, रेडिओ यांतले सेल लगेच काढा, कारण गळलेला सेल आतले पत्रे खाऊन टाकतो. आणि दमट राहिलेले बूट किंवा स्लीपिंग बॅग सावलीत वाळवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी शेजारच्या कागदांनाही धरते.

मोबाइलचं सिमही घाईने बंद करू नका. फोटोंचा बॅकअप ज्या खात्यात आहे ते खातं उघडताना त्याच नंबरवर ओटीपी येतो. आधी फोनमधले फोटो, व्हॉट्सॲपचे गट आणि आवाजी निरोप उतरवून घ्या, नंबराचं काय करायचं ते नंतर ठरवा. आवाजी निरोप खास जपा. ‘पोचलो रे, जेवून झोपतोय’ अशा पाच सेकंदांच्या निरोपाची किंमत पुढे कळते.

सॅक रिकामी करायला अर्धा दिवस राखून ठेवा आणि दोघं बसा, एक काढणारा आणि एक लिहून घेणारा. जमिनीवर पांढरी चादर पसरा. प्रत्येक कप्पा उघडल्याबरोबर आतला फोटो घ्या, मग वस्तू ओळीने मांडून वरून दुसरा फोटो. दोन कप्प्यांतलं सामान एकत्र करू नका, कारण कुठली वस्तू कुठे ठेवली होती यावरून माणसाची सवय कळते. वरच्या झाकणातल्या कप्प्यात पटकन लागणारं सामान असतं: शिट्टी, मेणबत्तीचं थोटूक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, सुईदोरा. पाठीला लागून असलेल्या आतल्या कप्प्यात बहुधा पैसे, ओळखपत्र आणि फोन नंबरांची चिठ्ठी सापडते. त्या चिठ्ठीवर पहिला नंबर कुणाचा आहे ते बघा. घरी फोन नसण्याच्या काळातली असेल तर ज्या शेजाऱ्यांकडे निरोप यायचा त्यांचा नंबर वर असेल. ते शेजारी तुमच्या मुलाखतींच्या यादीत आलेच पाहिजेत. गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखांवरून शेवटच्या सफरीचा अंदाज येतो. गोळ्या टाकून द्या, पाकिटाचा फोटो ठेवा.

कागद: तिकिटं, पत्रं, हिशेबाची वही

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे हिशेबाची वही. डायरी लिहिणारे थोडे असतात, पण चार जणांत खर्च वाटून घेणाऱ्या प्रत्येक गटात कुणीतरी हिशेब लिहितंच. ‘चहा, रॉकेल, पाव, वाटाड्याला, देवळात’ अशा ओळींमधून अख्खा प्रवास उभा करता येतो. गट कितीचा होता हे माणशी खर्चाच्या भागाकारातून कळतं, मुक्काम किती होते ते चहाच्या नोंदी मोजून. बाबांकडे वही नसेल तर त्यांच्या जोडीदारांकडे विचारा.

तिकिटांच्या बाबतीत एक चूक फार होते: प्रेमापोटी लॅमिनेशन. एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट उष्णतेने काळं पडणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. लॅमिनेशनच्या गरम रोलरखाली ते काही क्षणांत पूर्ण काळं होतं आणि परत येत नाही. तसंही ते दोन-तीन वर्षांत फिकटच होत जातं, म्हणून सापडल्या दिवशी स्कॅन करा. ट्रेमधून फाडून, चिमट्याने भोक पाडून दिलेली जुनी एसटीची तिकिटं साध्या कागदाची असल्याने टिकतात.

रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं आणि त्यावर तारीख दिसत नसेल तर निराश होऊ नका. खिडकीवरच्या यंत्रात तिकीट सरकवून तारीख दाबली जायची, आणि पुष्कळदा शाई नसायचीच, नुसता उठाव असायचा. खोलीतले दिवे घालवा, तिकीट सपाट ठेवा आणि टॉर्च अगदी कडेने, टेबलाला समांतर धरा. टोकाशी आकड्यांच्या सावल्या उमटतात. त्याच उजेडात मोबाइलने जवळून फोटो घ्या.

अंतर्देशीय पत्र उघडताना डिंक लागलेली कड ओढू नका. मजकूर बऱ्याचदा त्या घडीवरही असतो, ‘ता.क.’ तर हमखास तिथेच. पत्राच्या सगळ्या बाजू स्कॅन करा, पत्त्याची बाजूसुद्धा. शिक्का टाकल्या गावचा असतो आणि कधी पोचल्या गावचाही, म्हणजे बाबा कुठे होते आणि घरी ते किती दिवसांनी कळलं, दोन्ही समजतं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

पासपोर्ट रद्द करण्यासाठी देण्याआधी कोऱ्या पानांसकट सगळी पानं स्कॅन करा. शिक्के एकावर एक उमटलेले असतात; आलेला आणि गेलेला शिक्का जोडीने लावला की परदेशातले मुक्काम दिवसांच्या हिशेबाने मिळतात.

फोटो

आधी मोजा. अंदाजे संख्या काढा आणि तासाला वीस-पंचवीस फोटो या वेगाने भागा, म्हणजे कामाची कल्पना येईल. सपाट काचेचा स्कॅनर वापरा. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फोटोत कडा वाकतात आणि वरच्या दिव्याचा डाग येतो. छापील फोटोंसाठी ६०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) पुरे: चार बाय सहा इंची फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, तो छापताना दुप्पट मोठा केला तरी चालतो. निगेटिव्ह आणि स्लाइड मात्र बहुधा पस्तीस मिलिमीटरची असते, तिला २४०० डीपीआय किमान, शक्य असेल तर ३२००. स्कॅनरमधली आपोआप ‘सुधारणा’ करणारी सोय बंद ठेवा. ती जुन्या रंगीत फोटोतला तांबूसपणा काढताना चेहरे राखाडी करते. रंग नंतर, आणि मूळ फाइलच्या प्रतीवरच दुरुस्त करा.

चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिकची फिल्म असलेल्या अल्बममधून फोटो नखाने उचलू नका. दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या कोपऱ्याखालून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या. अडला तर थांबा आणि पूर्ण पान तसंच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. ओढला की चेहऱ्याचा थर काचेवर राहतो.

स्लाइडला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक किंचित मंद. उलटी घातली की चित्र आरशातलं येतं आणि डोंगराच्या फोटोत ते लक्षातही येत नाही. पाटीवरची अक्षरं नसतील तर शर्ट बघा: पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर असतात. ती घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला दिसली तर स्लाइड उलटी आहे.

फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई वरच्या फोटोला लागते. मागे आधीच काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, कारण बाबांचं अक्षर हाही ठेवाच आहे. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग ठिकाण: ‘१९८६-०५ पिंडारी ०३’. ही उतरंड पाळली की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून घ्या. फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि त्यातली काढल्याची तारीख पुसली जाते. जमलेल्या सगळ्या गोष्टींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांत, आणि एक प्रत दुसऱ्या घरी.

साल कसं ओळखायचं

तारखा जुळवणं हे या कामातलं सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत आनंदाचं काम आहे. फोटोवर नारिंगी आकड्यात छापलेल्या तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सेल बदलल्यावर घड्याळ लावायचं राहिलं की कॅमेरा आपलीच तारीख छापत राहायचा. १ जानेवारीची तारीख आणि फोटोत पावसाळी हिरवळ, म्हणजे समजून जा.

चौकोनी, पांढऱ्या कडेचे काळे-पांढरे फोटो बहुधा क्लिक-थ्री जातीच्या कॅमेऱ्याचे. त्यात एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे, म्हणून एका सफरीचे दहा-बाराच फोटो मिळाले तर उरलेले हरवले असं मानू नका. तेवढेच काढले असतील, आणि त्यातला एक घरी उरलेला रोल संपवायला मुलांचा काढला असेल. असा फोटो स्मरणिकेत जरूर घ्या. कड्याचा आणि अंगणाचा फोटो एकाच रोलवर शेजारी असणं याहून चांगला पुरावा कुठला?

निसर्गही साक्ष देतो. पठार सोनकीने पिवळं असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. कारवी फुललेली दिसली तर साल शोधणं सोपं, कारण ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. मात्र प्रत्येक भागातलं फुलायचं वर्ष वेगळं असू शकतं, तेव्हा त्या भागातल्या भटक्यांना विचारा.

नावं आणि रस्ते बदललेत, त्यांचाही उपयोग करा आणि फसूही नका. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० साली नव्याने ठरले. जुन्या वहीतला ‘एनएच ३’ म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता; आज तो क्रमांक मनाली-लेह रस्त्याला आहे. नातवाने मोबाइलवर शोधून नकाशा काढला तर आजोबा नाशिकऐवजी लडाखला पोचतात. तसंच मुंबई-गोवा रस्ता तेव्हा १७, आता ६६. बद्रीनाथच्या पत्रावर ‘यू.पी.’ असेल तर ते बरोबरच आहे, उत्तराखंड ९ नोव्हेंबर २००० रोजी वेगळं झालं आणि २००७ पर्यंत त्याचं नाव उत्तरांचल होतं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ साली सुरू झाली, म्हणजे १९९० सालच्या रत्नागिरी ट्रेकला ‘रेल्वेने गेलो’ असं कुणी सांगितलं तर आठवण घसरली आहे. लडाख पर्यटकांना १९७४ साली खुलं झालं. कैलास-मानससरोवर यात्रा दीर्घ खंडानंतर १९८१ साली पुन्हा सुरू झाली. त्याच्या दोन-चार वर्षं आधी बाबा जाऊन आले असं घरात सांगत असतील तर साल पुन्हा तपासा. नर्मदा परिक्रमा केली असेल तर ती सरदार सरोवर भरण्याआधी की नंतर, हे नक्की करा. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर आणि झाडीतल्या कितीतरी वाटा पाण्याखाली गेल्या आहेत, त्यामुळे बाबांनी चाललेली वाट आज कुणालाच चालता येणार नाही असंही असू शकतं. तसं असेल तर त्यांचं वर्णन कापू नका, अर्धं पानही कमी करू नका.

दोन रकान्यांचा तक्ता

आता एक मोठा तक्ता करा. मध्ये साल, डावीकडे ‘वाट’, उजवीकडे ‘घर’. डावीकडे सफरी, उजवीकडे त्याच महिन्यांत घरात काय चाललं होतं: जन्म, आजारपणं, दहावीची परीक्षा, घर बदलणं, बदली, कर्जाचे हप्ते, आजींचं पथ्य. हा तक्ता स्मरणिकेचा कणा आहे आणि तो भरताना गोष्टी आपोआप समोर येतात. समजा, दरवर्षी मे महिन्यात हिमालय आणि मध्येच तीन वर्षं डावा रकाना कोरा. उजवीकडे बघितलं तर त्या तीन वर्षांत धाकट्याचा जन्म आणि आजोबांचा अर्धांगवायू. ‘बाबा कुटुंबवत्सल होते’ हे वाक्य लिहायची गरजच राहत नाही. उलटही दिसेल: घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आणि डावीकडे पंधरा दिवसांची मोहीम. तेही खोडू नका, आईला विचारा. तिचं उत्तर बहुतेक वेळा स्मरणिकेतलं सगळ्यांत खरं पान असतं. काय छापायचं हा निर्णय मात्र तिचा.

माणसांशी बोलणं

वयाने सगळ्यांत मोठे आधी, प्रकृती नाजूक असलेले त्याहून आधी. पंख्याची घरघर रेकॉर्डिंग खाते, म्हणून शक्य असेल तर पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि घडी केलेल्या रुमालावर, म्हणजे टेबलाचा ठोका येत नाही. एका बैठकीला पाऊण तास पुरे. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला चार तास तरी लागतात, हे आधीच धरून चला.

‘बाबा कसे होते?’ असं विचारलं की ‘फार मोठा माणूस हो’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न हातात धरता येईल असा असावा. त्या रात्री स्वयंपाक कुणी केला? खिचडीत काय होतं? वाट चुकली तेव्हा पहिलं कोण बोललं? एसटी चुकल्यावर कुठे झोपलात? पाच बाय सातचे दहा-बारा फोटो छापून न्या आणि एकेक हातात द्या. मोबाइलवर दाखवलेला फोटो लोक दोन सेकंदांत पुढे ढकलतात, हातातला फोटो मात्र डोळ्यांजवळ नेऊन मागच्या माणसांची नावं सांगू लागतात.

ट्रेकच्या सोबत्यांना आधी एकेकटं भेटा, मग एकत्र बोलवा. एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट खरी ठरते आणि बाकीचे मान हलवतात. दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर भांडण सोडवायला जाऊ नका. वही किंवा तिकीट साक्ष देत असेल तर ते घ्या, नसेल तर ‘एक जण असं सांगतात, दुसरे तसं’ असं लिहा. आकडे फुगतात, हे लक्षात ठेवा. ‘हरिश्चंद्रगडावर सतरा वेळा’ असं ऐकलेलं वहीत नऊ वेळा निघालं तर नऊ छापा.

आईशी एका बैठकीत बोलू नका. चार-पाच वेळा, भाजी निवडताना, कपाट आवरताना. आणि तिला बाबांबद्दल कमी, तिच्याबद्दल जास्त विचारा: ते नसताना गॅस संपला तर काय करायचीस? पत्र आलं नाही तर कुणाला विचारायचीस? सॅकमध्ये तू काय घालायचीस? दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट यांचं माप तिला आजही पाठ असतं. ते मापासकट छापा.

लिहिताना

नातेवाइकांना ‘काहीतरी लिहून द्या’ म्हणाल तर प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू या तीन शब्दांची वीस पानं जमतील. तीनशे शब्द, एकच प्रसंग आणि शेवटची तारीख, असं सांगा. आलेल्या मजकुरात विशेषण दिसलं की फोन करून विचारा, ‘कुठल्या दिवशी?’ कुणी ‘ते फार काटकसरी होते’ असं लिहिलं असेल आणि विचारल्यावर कळलं की स्टोव्हच्या पंपाचा चामड्याचा वॉशर सुकला तर नवा न घेता खोबरेल तेलात रात्रभर भिजवून परत बसवायचे, तर वॉशर छापा आणि काटकसर गाळा.

मृत्यू डोंगरात, अपघातात झाला असेल तर दिवस, ठिकाण आणि काय घडलं ते साध्या चार वाक्यांत लिहा. सोबत असलेल्यांना मजकूर छपाईआधी वाचायला द्या. दोष कुणावर टाकू नका, आणि ‘डोंगरानेच बोलावून घेतलं’ अशी वाक्यं टाळा. ज्याच्या डोळ्यांसमोर ते घडलं त्याला ती वाचवत नाहीत.

नकाशा

एक तरी नकाशा हवाच. सह्याद्रीतल्या वाटांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० प्रमाणाची शीटं उत्तम. राजगड-तोरण्याचा भाग ४७ एफ मध्ये येतो, हरिश्चंद्रगडाचा ४७ ई मध्ये. बाबांच्या शीटवर त्यांनीच पेन्सिलीने काढलेली वाट असेल तर नवा नकाशा करू नका, तेच शीट छापा. पूर्ण भारत दाखवणार असाल तर बाह्यरेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरूनच घ्या. इंटरनेटवरच्या अनेक नकाशांत काश्मीरची सीमा वेगळी असते आणि चुकीची सीमा छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. इंटरनेटवरचा ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा वापरलात तर त्याचा उल्लेख नकाशाखाली करावा लागतो.

छपाई

ए-फाइव्ह आकार, ४८ पानं, सेंटर पिन (घडीच्या मधोमध पिना). एवढ्यात साधारण २२ पानं मजकूर (बारा पॉइंटात पानाला अडीचशे शब्द) आणि बाकी फोटो, तक्ता, नकाशा बसतात. सेंटर पिनला पानांची संख्या चारने भाग जाणारी हवी. ऐंशी पानांच्या पुढे जाणार असाल तर परफेक्ट बाइंडिंग (पाठीला पानं चिकटवून केलेली बांधणी), पण मग आतल्या कडेला किमान १८ मिलिमीटर समास सोडा, नाहीतर ओळींचे शेवट शिवणीत जातात. मजकुराला ८० किंवा १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो म्हणजे साधा पांढरा कागद, फोटोंना १३० जीएसएम आर्ट पेपर, मुखपृष्ठ ३०० जीएसएम. शंभर प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, तीनशेच्या पुढे ऑफसेटचा भाव विचारा. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. खाजगी वितरणासाठी असेल तर आयएसबीएनची गरज नाही.

मराठीचा खरा घोटाळा फॉन्टमध्ये होतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं आणि प्रेसमध्ये श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट, असं असेल तर रूपांतरात ‘सह्याद्रीच्या कड्यावरच्या दऱ्या’ मधला ‘ऱ्य’ फुटतो, रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसली तर मांडणी करणाऱ्याला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ लावायला सांगा, बहुतेक दुखणं तिथेच असतं. प्रूफ स्क्रीनवर वाचू नका, कागदावर वाचा, दोनदा. एकदा मजकुरासाठी आणि एकदा फक्त नावं, साली आणि फोटोंच्या ओळींसाठी. नाव चुकलेला माणूस पुस्तक पुन्हा उघडत नाही. सगळी छपाई सुरू करण्याआधी एक पूर्ण डमी मागा आणि ती आईच्या हातात द्या. अक्षर बारीक आहे का, हे तीच सांगू शकते.

सामान, अस्थी आणि गड

स्मरणिकेबरोबर बाबांचं सामान एखाद्या गिर्यारोहण संस्थेला द्यायची इच्छा होते. सॅक, स्टोव्ह, भांडी, पुस्तकं, नकाशे जरूर द्या. दोर, हार्नेस आणि स्लिंग मात्र वापरासाठी देऊ नका. नायलॉनच्या सामानाचं आयुष्य न वापरताही फार तर दहा वर्षं धरतात, आणि जुना दोर बाहेरून ठणठणीत दिसतो. त्याचे हातभर तुकडे करून सोबत्यांना एकेक दिलेत तर तो घराघरांत राहील.

आवडत्या गडावर जायचं तर नाव कोरणं, रंगवणं, फलक बसवणं यातलं काहीच नको. संरक्षित गडावर तो गुन्हा आहे आणि बाबांनीही ते सहन केलं नसतं. अस्थी किंवा राख गडावरच्या टाक्यात कधीही सोडू नका. ते वाटसरूंचं आणि गावकऱ्यांचं प्यायचं पाणी असतं, बाबाही तेच पाणी प्यायले आहेत. चढण घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला झेपेल अशी निवडा, आणि गड अवघड असेल तर पायथ्याच्या देवळापर्यंतच जा.

प्रती मोजताना पाहुणे आणि मित्र यांच्यावर वीस जास्त धरा. त्यातल्या काही पायथ्याच्या गावांसाठी आहेत, जिथल्या ओसरीवर बाबा वर्षानुवर्षं झोपले आणि भाकरी खाल्ली. त्या टपालाने पाठवू नका. हातात न्या, ज्या पानावर त्या घराचा किंवा तिथल्या म्हातारबाबांचा फोटो आहे त्या पानात आधीच खूण घालून ठेवा, आणि वाचता येत नसेल तर तेवढं पान बसून वाचून दाखवा. जाताना नवी वही आणि पेन बरोबर असू द्या, कारण ते पान ऐकल्यावर त्या ओसरीवरून बाबांबद्दल असं काही कळेल जे घरात कुणालाच माहीत नव्हतं.